परसातली कढई

मी परसातली कढई. होय, तीच, जालन्यातल्या या घराच्या मागच्या भिंतीला एरवी खिळ्यावर लटकणारी, बुडाला काजळी धरलेली. आज बोलल्याशिवाय राहवत न्हाई. जीव नुसता खालीवर होऊन राह्यलाय.

आष्टीच्या बाजारात लोहारानं मला ठोकून घडवलं. नीला तेव्हा या घरात नवी सून होती. तिनं मला विकत आणलं, तर दारातच तिच्या सासूनं, सगुणाबाईंनी अडवलं, "कशासाठी आणली गं?"

"कोंबडीसाठी, आत्याबाई."

झालं! स्वयंपाकघरात देव्हारा. कोंबडीचं भांडं आत येणार न्हाई, बाहेर चुलीवरच चढायचं, बाहेरच घासायचं. तव्याला आत जागा, मला ऊनपाऊस. अजब तऱ्हा माणसांची, खाताना बोटं चाटतात आन् भांडं मात्र बाहेर! फार राग यायचा मला. एकदा तरी आत जायचं, एवढीच हौस होती.

नीलाची लेक यशश्री रविवारी ताट घेऊन माझ्यासमोरच बसायची. "आई, तळाचं मला!" मंग ती शिकायला पुण्याला गेली. यंदा परत आली ती कर्करोग घेऊन. औषधांनी केस गेले, चव गेली. घास तोंडाजवळ नेला की उलटी. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं न्हाई तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी आज सांगितलं. पोरगी भेदरून गेली.

थोड्या वेळानं पुटपुटली, "महजबीन करायची तसली गोड-खारट कोंबडी कर ना. भाज्या घातलेली." महजबीन तिची पुण्यातली मैत्रीण, मूळची इथलीच.

नीलानं शिमला मिरची, गाजर, पत्ताकोबी चिरली, गूळ किसला, सोया सॉसची बाटली आणवली. मला चुलीवर चढवलं आन् आयुष्यभराच्या सवयीनं तांब्याभर पाणी ओतून झाकण ठेवलं. अगं बाई, रस्सा न्हाई करायचा! पण माझं ऐकतं कोण? भाज्यांचा पार गिचका झाला. यशश्रीनं वास घेतला आन् तोंड भिंतीकडं फिरवलं.

नीला माझ्याजवळ मटकन बसली. रडत रडत तिनं महजबीनला फोन लावला.

"काकू, पाणी बिलकुल नको," पलीकडून आवाज आला. "आंच मोठी ठेवा आन् जल्दी जल्दी परता. भाजी कचकचीत राह्यली पाहिजे. गूळ आन् सॉस शेवटी. चुलीवर न्हाई जमणार काकू, गॅसवरच करा."

गॅस तर आत. अर्धी कोंबडी आन् थोड्या भाज्या अजून उरल्या होत्या. नीलानं मला घासलं, उचललं आन् उंबऱ्याशी येऊन थबकली.

आत सगुणाबाई बसल्या होत्या. त्या उठल्या. देव्हाऱ्यातले देव एकेक करून ताटात घेतले आन् बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी नेऊन मांडले.

"आण ती आत," त्या म्हणाल्या. "देव बसतील बाहेर."

"आत्याबाई…"

"रडू नको गं, जल्दी कर! पोरगी आपल्या पायानं परसात येऊन जेवंल, तवाच देव आत आणीन मी."

मी तापले, होती नव्हती तेवढी ताकद लावून तापले. कोंबडी चरचरली, भाज्या खमंग परतल्या, गुळाचा चिकट पाक सगळ्याला लागला. यशश्रीनं एक तुकडा चावला. मंग दुसरा. तिसऱ्याला थांबली. तिनं तो गिळला आन् दमून डोळे मिटले.

तेवढ्यानं नळी टळली का, ते विचारायला तिचे वडील जगन्नाथ दवाखान्यात गेलेत. अजून आले न्हाईत. नीला दाराकडं बघत बसलीय. सगुणाबाई टीव्हीपुढं हात जोडून बसल्यात.

मी गॅसवरच आहे. मला बाहेर न्यायचं कुणाच्या ध्यानातच न्हाई. इतकी वर्षं आत यायला तरसले, आन् आता इथं घटकाभर करमत न्हाई. देवांनो, तुमची जागा मला नको. पोरीला उठवा, तिला परसात आणा. मला माझा खिळा द्या.