घाबरू नका, मदत निघाली आहे

मी एक वाक्य आहे. 'घाबरू नका, मदत निघाली आहे', एवढाच माझा जीव. लिफ्ट बंद पडली की आतल्या माणसाला दिसावं म्हणून एका बाईंनी मला लिहिलं. त्या लिफ्टच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायच्या.

इंटरनेटवरून काय कसं पाठवायचं, याचे नियम ठरवणारी एक समिती असते. आम्हा मजकुरांचे तिथे दोन वर्ग करतात: माणसांनी वाचायचे आणि यंत्रांनी वाचायचे. पहिल्या वर्गात गेलात तर चंगळच! जगभरच्या भाषा, लिप्या, पडद्यावर ऐसपैस जागा. दुसऱ्यात गेलात तर जन्मभर तारांतून पळायचं आणि कुणाला तोंड दाखवायचं नाही.

बाई मला घेऊन त्या समितीपुढे गेल्या. माझी पाळी आली तेव्हा नेमका चहा आला होता.

"हे पाठवतं कोण, घेतं कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाठवतो कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर, घेते लिफ्ट," कुणीतरी म्हणालं.

"मग यंत्रांचंच की!"

"अहो, पण लिफ्टमध्ये माणूस असेल ना?" बाई कळवळून म्हणाल्या.

"त्याच्यासाठी आत फोन आहे, ताई. कंट्रोल रूममधला माणूस बोलेल की त्यावर."

झालं! लागला माझा निकाल.

तेव्हापासून मी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये कोंडलेला आहे. लिफ्ट अडकली की मी धावत पडद्यापर्यंत पोचतो आणि तिथे नियम आडवा येतो. पडद्यावर उमटतो नुसता माझा सांकेतिक आकडा, सत्तेचाळीस.

परवा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी अडकल्या. हातात कपड्यांचं गाठोडं, सोबत कुणी नाही. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. फोनवरचा माणूस बिचारा घसा फोडून सांगत होता आणि मावशी पडद्याकडे पाहत होत्या. थेट माझ्याकडे! मी आत नुसता तडफडत होतो. त्यांनी दार बडवलं, मग फटीत बोटं घालून ओढलं. शेवटी गाठोड्यात तोंड खुपसून रडल्या.

मेकॅनिकने दार उघडलं. मावशींची बोटं रक्ताळली होती.

"कुणी सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं होतं की!" म्हणत त्याने पाठ फिरवून पॅनेल उघडलं. आत त्याला मी सापडलो. त्याने मला मोठ्याने वाचलं. जन्मात पहिल्यांदाच कुणी मला वाचत होतं! तोवर मावशी गाठोडं उचलून जिन्याकडे वळल्या होत्या.

बाई पुढच्या बैठकीत पुन्हा भांडणार आहेत म्हणे. समितीतल्या मंडळींनो, तुमच्या पाया पडतो, त्यांचं जरा ऐका.

मावशी आता ते जड गाठोडं घेऊन जिन्यानेच चढतात, मजल्या-मजल्यावर दम खात. उद्या मला पडद्यावर जागा मिळाली, तरी त्या काही आता लिफ्टमध्ये पाऊल ठेवायच्या नाहीत.