विमलच्या गुडघ्यातली कूर्चा

मी विमलच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा बोलतेय. हाडाच्या टोकावरची पांढरी, गुळगुळीत गादी म्हणा हवं तर. उद्या लातूरच्या दवाखान्यात मला कापून काढणार आहेत. तोवर चार शब्द बोलून घेते. आजवर बोलायची सोयच नव्हती. माझ्यात ना रक्ताची नळी, ना दुखल्याचं वर कळवणारी नस.

विमल आईच्या पोटात होती तेव्हा तिच्या हातापायांचा सांगाडा आधी माझाच होता. मऊ, वाकेल तसा. मग हळूहळू हाड आलं आणि मी टोकाटोकांना सरकले. सून आली की सासूनं चूल सोडावी, तसंच ते. वाईट कशाला वाटून घ्यायचं?

कुठं वाढायचं, कुठं थांबायचं, हे मला निरोप्यांकडून कळायचं. डॉक्टर लोक त्यांना वाढीचे घटक म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे. एक यायचा आणि पेशींना सांगायचा, ‘एकीच्या दोन व्हा.’ दुसरा म्हणायचा, ‘जाळं घट्ट विणा.’ तिसरा दटावायचा, ‘इतक्यात हाड होऊ नका, पोरीला अजून उंच व्हायचंय.’ पंगतीत वाढपी फिरावेत तशी त्यांची ये-जा.

बिलोलीच्या अंगणात विमल दिवसभर लंगडी घालायची. तिची आई लक्ष्मीबाई ओरडायची, “पोरगी हाय का वासरू? लई उधळून राहिली! पाय मोडला तर कोण करंल तुला?” पण मला ती लंगडी फार आवडायची. पाय टेकला की मी दाबली जायचे, उचलला की सांध्यातलं पाणी शोषून घ्यायचे. तेच माझं जेवण.

सोळा-सतराव्या वर्षी विमलची उंची थांबली. निरोपे तरी येत राहिले. आता कामं डागडुजीची. इथं झिजलं, विणा. तिथं विरलं, सांधा.

लग्न होऊन ती नांदेडला आली. नवरा माधवराव शाळेत गणित शिकवायचे. बाळंतपण, पाणी भरणं, महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत उभ्यानं केलेला स्वयंपाक, सगळं मी पेललं. पन्नाशीनंतर मात्र माझ्यात एक दुःखाची गोष्ट घडू लागली. निरोपे यायचे, पण पेशींना ऐकू कमी यायचं. दारात उभं राहून हाका माराव्यात आणि आतल्या म्हातारीनं ‘कोण हाय?’ एवढंही म्हणू नये, तसं. आणि जो निरोप्या जन्मभर ‘जपा, सांधा’ म्हणत आला, तोच आता कडेकडेला हाडाचे काटे वाढवू लागला. त्याचा तरी काय दोष? बिचारा जुनंच काम करत होता. घर बदललं होतं.

त्याच सुमारास माधवरावांना हृदयाचा झटका आला. दवाखान्याच्या बाकड्यावर विमलनं मनात बोलून टाकलं, ‘हे वाचले तर पाच वर्षं चातुर्मासात गोपद्मं काढीन.’ गाईची पावलं. रोज तेहतीस, रांगोळीची, देवापुढं. ते वाचले. विमलनं कुणाला काही सांगितलं नाही. नवस बोलून दाखवला की फळ जातं, असं तिला आईनं शिकवलेलं.

रोज पहाटे आंघोळ करून ती उकिडवी बसायची. एकेक पाऊल निगुतीनं काढायची, हळदकुंकू वाहायची. पाऊण तास सगळा भार माझ्यावर. चालताना दाब येतो आणि जातो. इथं तो नुसता बसून राहायचा.

चौथ्या वर्षी माधवरावांचे चुलतभाऊ अण्णाराव वारले. दहा दिवस सुतक. शेजारची वर्षाराणी आपणहून म्हणाली, “काकू, तेवढे दिवस मी काढते की तुमच्या नावानं. चालतं म्हणतात.”

“न्हाई गं बाई. माझ्या देवाला माझेच हात पाहिजेत.”

“मग खंड पडंल ना?”

“पडू दे. पुन्हा पहिल्यापासून धरीन.”

आणि खरंच धरलं. तीन पुरी वर्षं तिनं बाजूला ठेवली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. देवानं ती मोजली असती. तिनंच मोजली नाहीत.

दुसऱ्या फेरीचं हे पाचवं वर्ष. मी जवळजवळ संपलेच होते. हाडाला हाड लागू लागलं, तेव्हा कुठं तिला दुखलं. दुखणं हाडाचं होतं. माझं जाणं बिनआवाजाचं.

लेक मालविका लातूरला असते. तिनं हट्टानं नेऊन फोटो काढवला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला.

“गादी उरलीच नाही, आजी. खाली बसता का रोज?”

“न्हाई हो. कधीमधी.”

“आई, देवापुढं खोटं बोलत नाहीस, आणि डॉक्टरपुढं?” मालविका म्हणाली.

“हे काय देव हायेत का?” विमल म्हणाली. डॉक्टरसुद्धा हसले.

मग त्यांनी सांगितलं की सांधा बदलावा लागेल, लवकर. आणि त्यानंतर जमिनीवर बसायचं नाही, कधीच. विमलचं हसू तिथंच मिटलं. “कार्तिकी एकादशीनंतर करू,” एवढंच ती म्हणाली.

एकादशीला दोन महिने होते. मला दोन आठवडेही जड होते.

गेल्या सोमवारी गोपद्मं काढून झाली आणि तिला उठताच येईना. माधवराव धावत आले. काखेत हात घालून उठवताना विचारलं, “विमल, कशासाठी करून राहिलीस हे?”

ती पदराला हळदकुंकवाची बोटं पुसू लागली.

“इतकी वर्षं विचारलं न्हाई. आज विचारतो.”

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली, आणि रडू लागली. “आता बोलले. गेलं सगळं फळ.”

माधवरावांनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं. मग म्हणाले, “फळ तुझ्यासमोर उभं हाय की, चहा मागून राहिलंय.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालविकाला फोन करून तारीख ठरवली. विमलनं खूप विनवलं. “दोन महिने थांबा हो, खंड पडंल.” त्यांनी ऐकलं नाही.

आज सकाळी निघायच्या आधी माधवरावांनी देवघरातला पाट उचलून जेवायच्या टेबलावर ठेवला. विमलला खुर्चीत बसवलं, रांगोळीची वाटी हातात दिली. “काढ. तू दवाखान्यातून येईपर्यंत मी काढीन, नवस माझ्यासाठीच हाय ना? खूर वाकडे आले तर देवाची माफी मागू.”

“असं उंचावर चालतं का?”

“गाय काय टेकडी चढत न्हाई का?”

विमलनं तेहतीस पावलं काढली. अर्ध्या तासात, न कण्हता. माझ्यावर गुंजभरही भार नव्हता. नऊ चातुर्मासांत पहिल्यांदा. आजूबाजूचं पाणी शांत होतं. एखाद-दुसरा निरोप्या आलाही, पण विणायला माझ्यात सूत उरलं नव्हतं.

बायांनो, नवस सोडा असं मी म्हणणार नाही. विमलनं सोडला असता तर ती विमल राहिली नसती. पण आपल्या आत कुणी मुकं राबत असतं, त्याला वेळेवर एकदा विचारा. आणि घरातलं कुणी पाट उचलून द्यायला आलं, तर देऊ द्या.

येते मी. तिचा पाय सांभाळा.