तथास्तु म्हणणारी वास्तू

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, कुसाबाईंनी, पहिली तंबी दिली ती तोंडाची. "घरात अभद्र बोलायचं नाही हो. वास्तू तथास्तु म्हणते." अहो, हे तर सगळ्याच सासवा सांगतात! पण आमची वास्तू खरंच म्हणायची.

जुन्या नाशकातलं आमचं दगडी घर यादवांच्या काळचं, असं म्हणतात. पूर्वी कधी आळीला आग लागली तेव्हा घरातली थोरली सून ठमाबाई उंबऱ्यात ओरडली, "मला घे, घर ठेव!" आग पायरीशी विझली आणि ठमाबाई तापानं फणफणून गेली. एकोणसत्तरच्या पुरात माझे चुलतसासरे चिमाजी तेच बोलले. पाणी ओसरलं, चिमाजी घाटावर सापडले. लोकांना वाटतं, घर टिकलं ती जुन्या चुन्याची करामत. डोंबलाची करामत!

दोन हजार तीनच्या कुंभमेळ्याआधी रस्ता रुंद करायचं निघालं. आमचे हे, मोतीराम, अंबडच्या कंपनीत फोरमन, एरवी अगदी गरीब गाय. पण मोजणीवाले दारात आले आणि ह्यांचं टाळकं सरकलं. उंबऱ्यात उभे राहून गरजले, "माझा जीव गेला तरी चालेल, घराला हात लावू देणार नाही!"

मोजणीवाले हसले. तेवढ्यात मागून, माजघराच्या भिंतीतून, कुणीतरी हळूच म्हणालं, "तथास्तु." ह्यांनीही ते ऐकलं. चेहरा पांढराफटक पडला.

"काय बोलून बसलात हो!" मी कपाळ बडवलं. ह्यांना ओढत देवळाली कॅम्पला माझ्या भावाकडे नेऊन ठेवलं आणि एकटी परत आले. भर दुपारी माजघरात उभी राहून भिंतीवर तळहात आपटले. "पड! आत्ताच्या आत्ता पड, मेल्या घरा! तुझा दगड न् दगड जाऊ दे, पण माझा माणूस राहू दे!"

भिंत गार होती. मी कान लावला. आत कुणीतरी श्वास रोखून धरला होता. "म्हण की," मी रडत विनवलं, "एकदाच म्हण." भिंत काही बोलली नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. चहा पिता पिता हे गेले होते.

रस्त्याचं पुढे बारगळलं. घर ठणठणीत उभं आहे. बाहेरगावची माणसं बघायला येतात, एवढं जुनं घर टिकलं कसं म्हणून विचारतात. मी खांब दाखवते, बोलत नाही. ह्यांच्या आठवणीनं रडू आलं की तडक घाटावर जाते. घरात रडले तर "मलाही ने" असं तोंडून जाईल, आणि त्याला तर तेवढंच हवंय.