गाजरांची ताटली

नाताळच्या आधीच्या शनिवारी टाउन हॉलमधल्या बाजारात ॲल्डन व्हिटकमच्या टेबलावर ताटली नव्हती. हॉलभर मेणबत्त्या, फर झाडाच्या डहाळ्या, चीज, विणलेले मोजे यांची रेलचेल होती, पण आत आलेल्या प्रत्येकाची नजर ताटलीच्या रिकाम्या जागेवर जाऊन अडखळत होती.

पांढरी, कडेचा टवका उडालेली ती ताटली वर्षानुवर्षं टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात असायची. ॲल्डन खिशातल्या चाकूने गाजराच्या चकत्या करून तिच्यात टाकत राही आणि येणारा-जाणारा एखादी तोंडात टाकून पुढे सरके. कडक थंडी खाऊन मगच जमिनीतून निघालेली त्याची गाजरं अशी गोड, की मुलं मिठाई सोडून त्यांच्यावर तुटून पडत. ॲल्डन बोलण्यातला माणूस नव्हे. जगाला त्याचं जे काही सांगणं होतं, ते त्या ताटलीतून चालायचं.

आज सकाळी हॉलच्या मागे गाडी रिकामी करताना त्याने सवयीने एक गाजर बाहीला पुसून खाल्लं आणि बर्फात थुंकलं. दुसरं खाल्लं. तेही कडूजहर. त्याने गाजरांची पेटी टेबलाखाली सरकवली आणि ताटली गाडीतच ठेवली.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. ते त्याच्याच तळघरात, गाजरांच्या समोरच्या भिंतीशी, पेट्यांवर पेट्या रचून ठेवलं होतं. लोइस गान्योंची सफरचंदं. साठवलेल्या सफरचंदांतून सुटणाऱ्या वाफेने शेजारचं गाजर कडू होतं, हे त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ॲल्डनला ते ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला, लोइसच्या कोल्ड रूमचं यंत्र जळालं आणि ती हातातली टोपी चुरगाळत त्याच्या दारात उभी राहिली. नवरा गेल्यापासून बाग एकटीने सांभाळणारी ही बाई. कुणाकडे कधी शिडीसुद्धा मागितली नव्हती तिने.

"तुझी गाजरं कुठंयत यंदा?" तिने आधी तेच विचारलं होतं.

"बहिणीच्या तळघरात," ॲल्डन म्हणाला होता.

त्याच्या बहिणीच्या घराला तळघरच नव्हतं. त्याने आपल्या तळघरात गाजरं आणि सफरचंदं यांच्या मधे एक जाड घोंगडी टांगली आणि स्वतःची समजूत घातली. भीड ही भिकेची बहीण, म्हणतात ते काही खोटं नाही. पण नुसती भीडही नव्हती ती. त्याला लोइस आवडायची. खूप आवडायची. आणि ही गोष्ट एक लोइस सोडून अख्ख्या बाजाराला माहीत होती.

आता तिला कळलं, तर ती आजच्या आज पेट्या उचलेल, मिळेल त्या भावाने रसाच्या घाण्याला घालेल आणि पुन्हा कधी त्याच्या दारात उभी राहणार नाही, हेही तो जाणून होता. म्हणून आज अळीमिळी गुपचिळी.

"ताटली कुठाय?" बेव्हने विचारलं. मध आणि मेणबत्त्या विकणारी बेव्ह बाजाराची व्यवस्थाही बघायची आणि सगळ्यांच्या भानगडीही.

"विसरलो."

"दात विसरलास म्हणाला असतास तर पटलं असतं."

मग मिसेस ऑर्डवे आल्या. नाताळच्या जेवणात त्यांच्याकडे ॲल्डनच्याच गाजरांचा पदार्थ असतो, याचा गावाला आणि त्यांना सारखाच अभिमान.

"यंदा गाजरं नाहीत," ॲल्डन म्हणाला. "बटाटे घ्या. बीट घ्या."

"टेबलाखाली दिसतायत की."

"ती घोड्यांची आहेत."

"म्हणजे घोड्यांचा नाताळ थाटात आणि मी बीट उकडू?"

ॲल्डनने मान खाली घातली. गुपचूप विकली असती तर जेवणाच्या टेबलापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. पण तसलं काही त्याच्या हातून झालं नसतं. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली म्हणतात. या गाजरांची ती सोयही उरली नव्हती.

शेजारच्या टेबलावर लोइस खुशीत होती. तिची सफरचंदं अशी कुरकुरीत, की चावल्याचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत येत होता. कुणी वाखाणलं की ती ॲल्डनकडे बोट दाखवून म्हणे, "सगळी याच्या तळघराची कृपा." लोक कौतुकाने बघत आणि ॲल्डन बीट पुसत बसे.

"दे चाकू," ती मधेच म्हणाली. "तुला कंटाळा आला असेल तर चकत्या मी करते."

"नको म्हटलं ना," ॲल्डन म्हणाला. त्याला म्हणायचं होतं त्याच्या दुप्पट जोरात म्हणाला.

लोइसचा चेहरा उतरला. नंतर मिसेस ऑर्डवेंचे बटाटे गाडीत ठेवायला ॲल्डन बाहेर गेला, तेव्हा नेहमीप्रमाणे त्याचं टेबल तिनेच सांभाळलं. तो परत आला तशी ती पाठ फिरवून आपल्या पेट्या लावू लागली. दुपारभर तिने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. त्याला ते फार लागलं.

बंद व्हायची घंटा झाली. गिऱ्हाइकं गेली आणि मधलं लांब टेबल मोकळं झालं. वर्षाच्या शेवटच्या बाजारी प्रत्येकाने आपल्या मालातलं उत्तम ते त्या टेबलावर ठेवायचं आणि नाव निघेल तसं दुसऱ्याचं काहीतरी घरी न्यायचं, ही जुनी रीत. ॲल्डनची गाजरं दरवर्षी सगळ्यांत आधी जात. आज त्याने बीट ठेवले. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं.

बेव्हने मधाच्या बरणीतून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. चीज गेलं. मेपलच्या पाकाची बाटली गेली. मग लोइसचं नाव निघालं.

लोइस लांब टेबलाच्या कडेकडेने पुढे गेली. मेणबत्त्या सोडल्या, मोजे सोडले. ती ॲल्डनच्या टेबलाशी आली, वाकली आणि खालची पेटी तिने ओढून बाहेर काढली.

"लोइस, ती घोड्यांची—"

"एक घोडा मघाशीच खाऊन गेला," लोइस म्हणाली. "तू बटाटे पोचवायला गेला होतास तेव्हा."

बेव्हने चिठ्ठ्यांची बरणी खाली ठेवली.

"जन्मभर सफरचंदं पिकवली मी. त्यांनी नासवलेलं गाजर मला ओळखू येणार नाही होय रे? आणि तुझी बहीण तिसऱ्या मजल्यावर राहते. तिला कुठलं तळघर?"

"मधे घोंगडी टांगली होती," ॲल्डन म्हणाला.

बेव्हला हसू आवरेना. तिने तोंड फिरवलं. लोइसला राग आलाय की रडू, हे ॲल्डनला कळेना.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू पेट्या आणल्या नसत्यास."

"नसत्याच आणल्या."

"म्हणून नाही सांगितलं."

लोइसने त्याच्याकडे नव्याने पाहिलं. जणू रोजचं टेबल कुणीतरी हलवून उजेडात ठेवलं होतं. मग तिने पेटी कमरेवर घेतली.

"सालं जाड काढायची आणि पाक सढळ हाताने घालायचा. तरी मला एकटीला संपायची नाहीत ही. नाताळला जेवायला ये. चाकू आण. ती ताटलीही आण."

ॲल्डनने मान हलवली. दाराशी तिला गाठून त्याने पेटीची एक बाजू धरली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. गाडीपर्यंत जाईस्तोवर त्याने धीर गोळा केला.

"आणि सफरचंदं? कधी नेणारेस?"

"का? गाजरं आता आणखी काय बिघडणारेत?" लोइस म्हणाली. "राहू देत तिथेच. ती घोंगडी तेवढी काढून टाक."