रिकाम्या हातांची धाव

मी हार्बर गल्स संघाचा चेंडू बोलतोय. चेंडू म्हटल्यावर लगेच गोल काहीतरी डोळ्यांसमोर आणू नका. मी लांबट आहे, दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी चामड्याचा, आणि अंगावर पांढऱ्या दोरीची शिवण. आमच्या खेळाला फुटबॉल म्हणतात खरं, पण पायांशी माझा संबंध क्वचितच येतो. मला काखेत धरून पळायचं, नाहीतर हातानं लांब फेकायचं. माझ्यापुरतं विचाराल तर मला काखच आवडायची. फेकलं की पोटात गोळा यायचा.

माझा जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका कारखान्यात झाला. तिथे आम्हाला आधी उलटं शिवतात आणि मग वाफ देऊन सुलटं करतात. जगात यायची ही काही सन्मानाची रीत नव्हे, पण मला विचारतो कोण? त्याच राज्यातल्या, तळ्याकाठच्या ॲशटाबुला गावात, बायकांच्या या संघाकडे आलो तेव्हा मी कोरा होतो, म्हणजे गुळगुळीत आणि निरुपयोगी. आमच्यात जी मला फेकणार तिनंच मला माणसाळवायचं असतं. म्हणून टेसा नोवाक मला घरी घेऊन गेली. बाप टीव्हीसमोर बसलेला असायचा आणि ही शेजारी बसून मला ब्रशनं घासायची, ओल्या फडक्यानं पुसायची, मेण चोळायची. हळूहळू माझ्या अंगाला पकड आली.

टेसा बेकरीत काम करायची. शाळेत असल्यापासून ती सॉफ्टबॉल खेळलेली, त्यामुळे हातात जोर भरपूर. आमची आधीची क्वार्टरबॅक लग्न करून ॲरिझोनाला गेली आणि त्या जागी हिचा नंबर लागला. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावात, म्हणजे प्रत्येक चालीत, मी जिच्या हातात आधी येतो ती. मग तिनं मला मागच्या धावणारीच्या पोटाशी द्यायचं, किंवा पुढे कुणाला तरी फेकायचं.

ती धावणारी म्हणजे डोरीन पूल. गावातली शाळेची पिवळी बस तीच चालवते. टेसा लहानपणी त्याच बसनं शाळेत गेलेली, त्यामुळे तिच्या तोंडातून 'मिस डी' आणि 'तुम्ही' काही सुटेना.

"अगं, मैदानात तरी नुसतं डी म्हण," डोरीन म्हणायची. "मिस डी ऐकलं की मला वाटतं, कुणाचा तरी डबा बसमध्ये राहिला."

डीच्या काखेत मी सुखी होतो. ती मला बरगड्यांशी असं आवळायची की चार जणी अंगावर पडल्या तरी मी हलत नसे. पण तिचा उजवा गुडघा दर शनिवारी सुजायचा. हा आपला शेवटचा हंगाम, हे तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एकदा तरी बाद फेरीत खेळायचं, एवढी एकच इच्छा राहिली होती.

आमच्या कोच बर्कबाई. मागे एका नव्या मुलीनं फेकाफेकीत सगळा हंगाम घालवला होता, तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेल्या या बाई ताकही फुंकून पीत होत्या. टेसा नवी, तेव्हा चेंडू डीला. पुन्हा डीला. त्यातूनही कधी पास फेकायला सांगितलाच, तर समोरच्या आधीच मागे सरून उभ्या असायच्या आणि मी त्यांच्याच हातात पडायचो. लोक म्हणायचे, पोरगी घाबरते. कोच आणखी हात आखडता घ्यायच्या.

मला कारण ठाऊक होतं. मला फेकायचं असलं की टेसाची बोटं ओलसर लागायची. डीकडे द्यायचं असलं की कोरडी. सॉफ्टबॉलमधली तिची सवय: फेकण्याआधी बोटांना जीभ लावायची आणि मांडीवर पुसायची. समोरच्या संघांनी हे हेरलं होतं. मला हे कळून उपयोग काय? चेंडूला तोंड नसतं.

शेवटचा साखळी सामना ॲक्रनच्या संघाशी होता. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर डीचा खेळ संपला. पहिल्या अर्ध्यात ॲक्रनच्या बायका डीवर तुटून पडत होत्या. मी तिच्या काखेत होतो, तिचा श्वास अडकलेला मला कळत होता. शेवटी गुडघ्यावर बर्फ बांधून ती बाकावर बसली आणि थोडा वेळ तिच्याशिवाय खेळ चालला. टेसानं एक पास फेकला, तोही ॲक्रननं पकडला.

मध्यंतरात टेसा मला पोटाशी धरून कोचसमोर उभी राहिली. "मला परत फेकायला सांगू नका. माझ्यानं होत नाही."

कोचनी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात डीनं तिला बाकावरून हाक मारली.

"इतकी वर्षं मी तुला बसच्या आरशात पाहिलं, आणि या हंगामात पाठमोरी," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा बाजूनं पाहिलं. पोरी, तू बोटं चाटतेस. फेकणार असलीस तरच. तुझा हात तोंडाकडे गेला की त्या मागे सरतात. नाही गेला की सगळ्या माझ्याकडे धावतात."

टेसाचा चेहरा पडला. "म्हणजे तुमचा गुडघा… हे सगळं माझ्यामुळे?"

"थोडंफार. रडायचं असेल तर सामना संपल्यावर रड."

टेसा म्हणाली, आजपासून चाटणं बंद.

"बंद कशाला? चांगली चाट," डी म्हणाली. "मी पळणार असेन तेव्हा तर दोनदा."

कोच बर्कबाई जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, करून बघा.

दुसऱ्या अर्ध्यात टेसानं जेवायला बसल्यासारखी बोटं चाटली. ॲक्रनच्या बायका मागे सरल्या आणि डी मोकळ्या जागेतून मला घेऊन धावली. पुढच्या डावात बोटं कोरडी ठेवून टेसानं मला आखूड फेकलं, आणि आमच्याच मुलीनं मला झेललं. ॲक्रनला काही सुचेना. तरीही शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो.

कोचनी शेवटचा डाव सांगितला. टेसानं मला डीच्या पोटाशी नेलं, आणि दिलं नाही. डीनं दोन्ही हात रिकाम्या पोटावर घट्ट आवळले, डोकं खाली घातलं आणि तो दुखरा गुडघा घेऊन थेट गर्दीत घुसली. ॲक्रनच्या बहुतेक सगळ्या तिच्यावर पडल्या. मी टेसाच्या कमरेमागे लपलो होतो. मला फार वाईट वाटत होतं, कारण तो मार माझ्या वाटणीचा होता.

मग टेसानं मला फेकलं. कोरड्या बोटांनी, उंच. पोटात गोळा आला नाही, हे मला उतरताना लक्षात आलं. आमची झेलणारी जोआन पलीकडच्या कोपऱ्यात एकटीच उभी होती. तिनं मला छातीशी धरलं आणि मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे बसली, म्हणजे सहा गुण, आणि सामना आमचा.

ढिगाऱ्याखालून डीचा आवाज आला, "काय झालं? कुणीतरी सांगा ना."

टेसानं आधी तिच्यावरच्या बायका ओढून काढल्या, मग सांगितलं.

सामन्याचा चेंडू एखाद्या खेळाडूला द्यायची आमच्यात पद्धत आहे. कोचनी मला टेसाच्या हातात ठेवलं आणि टेसानं डीच्या.

"अगं, त्या डावात माझ्या हातात काहीच नव्हतं," डी म्हणाली.

"म्हणूनच, डी," टेसा म्हणाली.

बाद फेरीत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. पण डी त्यात खेळली, आणि हसत मैदानाबाहेर आली. आता मी पिवळ्या बसमध्ये तिच्या सीटशेजारच्या खोक्यात असतो. माझं चामडं सैल पडलंय, थोडी हवाही जाते. सरावाच्या दिवशी डी मला मैदानावर नेते आणि नव्या धावणाऱ्या मुलीला शिकवते. चेंडू घेऊन पळायला ती लवकर शिकली. नसताना असल्यासारखं पळायला तिला अजून जमत नाही. डी म्हणते, जमेल, घाई नाही.

मी आता थकलोय, म्हणून एकच मागतो. खेळ बघताना तुमचे डोळे माझ्या मागे लागतात, ते मला ठाऊक आहे. पण मी हवेत असताना एकदा खाली गर्दीकडेही बघा. तिथे कुणीतरी रिकामे हात पोटाशी आवळून पडलेली असेल. ती उठेपर्यंत टाळ्या थांबवू नका.