फोटोतलं मनगट

आमच्या गावात सळईवर भाजायच्या केकचं म्युझियम उघडलं आणि दारातच थोरल्या जाऊबाईंचा हा मोठा फोटो! युलाली जाऊबाई आगीपुढं फिरणाऱ्या सळईवर पळीनं पातळ पीठ ओततायत. चाळीस वर्षं आगीपुढं भाजून घेत सळई फिरवली मी, आणि फोटोत माझं नुसतं मनगट.

उद्घाटनाला सगळ्यांसमोर केक करायला आम्हा दोघींना बसवलं.

मेयर म्हणाले, "युलालीबाई, जादू आहे हो तुमच्या हातात!"

जाऊबाई लाजल्या. मग मला म्हणाल्या, "झेली, नीट फिरव गं. पाहुणे बघतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पीठ ओतलं आणि मी हात थांबवला. सगळं पीठ आगीत गळलं.

"अगं, फिरव ना!"

"त्या फोटोतल्या मनगटाला सांगा," मी म्हणाले.