खदानीच्या पाण्यावरचा जाळ

भर दुपारी जुनवानीकडच्या जुन्या खदानीवर ही गर्दी! फुलहारी बाबानं नैवेद्याचं लाल गाठोडं पाण्यात सोडलं, वरून जळता कापूर फेकला आणि पाण्यावर भकदिशी जाळ उठला. लोकांनी तिथंच लोटांगणं घातली.

"देवी अंगार खाते, रोग बी खाते. सुया सोडा, हे पाणी प्या," बाबा सांगत होता. पाण्यात उतरेल तो आंधळा होईल, हेही त्यानं आधीच बजावून ठेवलेलं. मोठा सोयीचा शाप.

देवीदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कारखान्याच्या बांधकामावर वेल्डर. क्षयानं खंगलेल्या त्याच्या बायकोनं, रुक्मानं, महिनाभर दवाखान्याची सुई घेतली नव्हती. दोन वर्षांपूर्वी नागपूरला धम्मदीक्षा घेताना दोघांनी देव सोडले होते. मरणाच्या भीतीनं तिनं पुन्हा धरले.

"डोळ्यानं पाह्यलं न मी," ती म्हणायची. "तुमी खोटं करून दाखवा."

पाण्याखाली काय आहे ते दाखवायचंच, म्हणून त्यानं जुना डबा-कॅमेरा मिळवला. तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, पुढं काच लावली, फटी डांबरानं बुजवल्या. खटका ओढायची दोरी सायकलच्या ट्यूबमधून पाण्याबाहेर काढली. पहिल्यांदा डबा गळला. दुसऱ्यांदा बुडेचना. तिसऱ्यांदा काचेवर वाफ धरली. देवीदासनं डबा भिंतीवर आपटला, तासाभरानं मुकाट्यानं उचलून ठोकून सरळ केला.

चौथ्यांदा त्यानं ओल शोषायला आत कोरडे तांदूळ भरले, खाली लोखंड बांधलं आणि बाबा गाठोडं सोडायचा त्या जागी रात्रीच डबा बुडवून ठेवला. बाबाचा जाळ पेटला तेव्हा समोरच्या काठावरून दोरी ओढली. फोटो आला. सुटलेलं गाठोडं, त्यात खडे आणि खड्यांतून निघणारे बुडबुडे.

"देवीचेच खडे हायेत हे," रुक्मा म्हणाली.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग फोटोकडे पुन्हा पाहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. कार्बाइड! पाण्यात पडलं की वेल्डिंगचा गॅस ज्याच्यापासून निघतो तेच. रोज नाकात बसलेला वास, म्हणून खदानीवर त्याला तो आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंगणात त्यानं घमेल्यातल्या पाण्यात कार्बाइडचा खडा टाकला, लांबून जळती काडी फेकली. तसाच जाळ उठला.

रुक्मानं हुंगून पाहिलं. "हा वास तं तुमच्या कपड्याले रोजच येते." तिनं घरात ठेवलेलं खदानीचं पाणी आणून अंगणात ओतून टाकलं. "माहा महिना खाल्ला त्यानं. उद्या मले सुईले घेऊन चला."

डॉक्टर म्हणाले, मधेच सुई सोडल्यानं दुखणं वाढलंय, आता पहिल्यापासून सुरुवात. बाबा तोवर गाठोडं घेऊन पुढच्या गावी, हथखोजला पोचला होता, आणि तिथंही गर्दी जमली होती.

लोकहो, पाया पडायच्या आधी एवढंच विचारा, गाठोड्यात काय आहे? विचारल्यानं कुणी आंधळं होत नाही. न विचारल्यानं रुक्माचा महिना गेला.